बॉनेटवरचा जावई

माझ्या सासऱ्यांना दोन जावई आहेत आणि त्यांना दोघंही आवडत नाहीत. त्यात ते डावं-उजवं करत नाहीत, हे त्यांच्या बाजूनं आधीच सांगून टाकतो. थोरला जावई मी. धाकटा म्हणजे माझा साडू, इचलकरंजीचा. घरचे चार यंत्रमाग, आणि ते चारही चालू असताना रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असा त्याचा आवाज. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. आम्ही दोघं एकमेकांना 'पावणं' म्हणायचो, अहो-जाहो करायचो आणि लग्नकार्यात शेजारी बसायची पाळी आली तर मधे एखादी म्हातारी आत्या बसवून घ्यायचो. वीस वर्षं हे उत्तम चाललं होतं. मग आम्ही एकत्र धंदा काढला.

धंदा कसला, तर रविवारचा. लोकांच्या गाड्या धुवायच्या, आतून झाडायच्या, सीटवरचे डाग काढायचे, वरून मेण चढवून चमकवायच्या. याला हल्ली डिटेलिंग म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला 'ह्यांना दुसरं काम न्हाय वाटतं' असं म्हणत. जागा माझी, म्हणजे दारातली फरशी. पाणी माझं. साडू रविवारी माग भावाच्या गळ्यात घालून मोटारसायकलवर यायचा आणि येताना सुती कापड आणायचा. कापडातलं त्याला कळतं, हे कबूल केलं पाहिजे. कुठलं फडकं रंगावर ओरखडे पाडेल आणि कुठलं नाही हे तो गालाला लावून सांगायचा. पहिल्या रविवारी त्यानं फडकं गालाला लावून डोळे मिटले, तेव्हाच गल्लीनं आमच्याबद्दल कायमचं मत करून घेतलं.

कल्पना मूळची कुणाची यावर अजून एकमत नाही. तो म्हणतो माझी, मी म्हणतो त्याची. धंदा कधी जोरात चालला तर हे उलटं होईल.

माझ्या बाजूचं कारण मात्र मला पक्कं माहीत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथं सांगून ठेवतो, नाहीतर पुढं मी उगाच शूर वाटेन. मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत आहे. साच्यातून नग बाहेर पडला की त्याच्या कडेला लोखंडाची झालर राहते, ती ग्राइंडरनं घासून काढायची. सव्वीस वर्षं मी हेच केलं. सुपरवायझर झालो तरी ग्राइंडर खाली ठेवला नाही, कारण दुसऱ्यानं घासलेलं मला पटत नाही. थरथरणारी वस्तू इतकी वर्षं धरली की थरथर हातात मुक्कामाला येते. आधी बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. खाण्यासारखं तिथं काही उरलं नसावं. तीन वर्षं झाली, माझ्या बोटांची टोकं थंडीत पांढरी पडत होती आणि बाराही महिने मुकी होती. शर्टाची बटणं मी आरशात बघून लावायचो. खिशात किल्ली लागली की नाणं, हे बाहेर काढून बघावं लागायचं.

फौंड्रीत कळलं असतं तर त्यांनी मला गेटपासच्या खिडकीत बसवलं असतं. घरी कळलं असतं तर बायकोनं स्वतः हाताला धरून नेऊन बसवलं असतं. ती खिडकी मी रोज येता-जाता बघतो. तिच्या आतला माणूस आठ तास खिडकीवर टेकलेल्या लोकांच्या कोपरांशी बोलतो. मला त्या खिडकीत जायचं नव्हतं. रविवारी चार गाड्या चमकवल्या, चार लोकांनी 'हात हाय बरं का पावण्याचा' म्हटलं, म्हणजे हात अजून आपलाच आहे असं धरून चालता येईल, एवढंच माझ्या मनात होतं.

तीन महिने सगळं फडक्यानं भागलं. मग गिऱ्हाइकं विचारू लागली की मशीननं करता का. नाही म्हटलं की माणूस आपल्या फरशीकडं आणि मग आपल्याकडं बघायचा आणि 'येतो परत' म्हणून जायचा. तशात दसरा आला. दसऱ्याला कोल्हापुरात जो वर्षभर तोंड धूत नाही तोसुद्धा गाडी धुतो. मशीन दसऱ्याच्या आत घ्यायची, यावर माझं आणि साडूचं एकमत झालं. आमच्या एकमतातून चांगलं काही निघाल्याचं मला आठवत नाही.

आणि ऐनवेळी सासऱ्यांनी स्वतःची गाडी देऊ केली.

या गाडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. सासरे शिरोळचे, उसाचं रान. पंधरा वर्षांची मरून रंगाची गाडी. पुराच्या साली पाणी अंगणात आलं तेव्हा सासऱ्यांनी आधी गाडी बाहेर काढली आणि उंचावरच्या शाळेत नेऊन लावली. सासूबाई मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आल्या, शेजारच्यांच्या. घरातलं पुष्कळ गेलं. गाडीचं टायरसुद्धा भिजलं नाही. सासूबाई ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना गाडीकडं सवतीकडं बघावं तसं बघतात.

"पयली माझी गाडी करा," असा निरोप सासऱ्यांनी त्यांच्याकरवीच धाडला. "म्हंजे दोघांची लायकी एका दमात कळंल."

मशीन घ्यायला आम्ही लक्ष्मीपुरीत गेलो ते नवरात्राच्या पाचव्या दिवशी. हा दिवस चुकीचा होता. नवरात्रात मटण बंद असतं आणि पाचव्या दिवसापासून कोल्हापूरचा माणूस मनातून बिथरलेला असतो. दुकानाचा मालक तर आम्ही तोंड उघडायच्या आधीच चिडलेला होता. तो फोनवर कानडीत कुणाशी तरी भांडत होता, फोन ठेवला आणि तेच भांडण मराठीत आमच्याशी पुढं चालू केलं. काय पायजे, कशाला पायजे, किती गाड्या करता, आधी कधी हातात धरलीय का.

त्यानं काउंटरवर दोन मशिनी ठेवल्या. एक मोठी, वजनदार. तिची चकती एकाच जागी गोल फिरते, थेट, ग्राइंडरसारखी. दुसरी धाकटी, तिची चकती फिरता फिरता झोकांड्याही खाते, त्यामुळं एका जागी उष्णता साठत नाही. मालकानं सांगितलं, नवख्यानं धाकटी घ्यावी, तिनं रंग जळत नाही. मोठीनं काम झपाट्यानं होतं, पण चुकला तर रंगाच्या खालचा पत्रा बघायला मिळतो.

बाजूला टेबलावर भंगारातला एक गाडीचा दरवाजा ठोकून ठेवला होता. त्यावर चालवून बघा म्हणाला.

मी धाकटी उचलली. हलकी होती, मुठीत छान बसली. बटण दाबलं आणि दोनच मिनिटांत तिची थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली. बोटं तर आधीच मुकी. आता अख्खा पंजा हातमोज्यात कोंबल्यासारखा झाला. मी मशीन खाली ठेवली, हात खिशात घातला आणि म्हणालो, हे खेळणं हाय.

मग मोठी उचलली. तिला वजन होतं, पण चाल एकदम गुळगुळीत. सव्वीस वर्षांच्या ओळखीचं कुणी तरी भेटल्यासारखं वाटलं. दरवाजावरून दोन हात फिरवले. चमक अशी आली की मला माझ्या कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या.

साडू मधे पडला. त्याची एक पद्धत आहे. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यानं त्याला निम्मं ऐकू येत नाही. म्हणून तो यंत्र कानानं न तपासता हातानं तपासतो. माग कुठं अडतोय हे तो लाकडावर तळवा ठेवून सांगतो. तसा त्यानं आळीपाळीनं दोन्ही मशिनींच्या अंगावर तळवा ठेवला, मग दरवाजाच्या पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मालक माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं.

"धाकटी घ्यायची," साडू म्हणाला. हे तो साध्या आवाजात बोलला, म्हणजे रस्त्यावरची एक रिक्षा थांबली. "मोठी जाळणार. पत्रा तापवतीया ती."

"पावणं, तुम्ही सूत बघा," मी म्हणालो. "लोखंड मला कळतंय."

"गाडी लोखंडाची न्हाय, रंगाची करायचीया."

"सव्वीस वर्सं धरलंय म्या."

"तेच तर भ्या वाटालंय."

मालकानं दोन्ही हात वर केले आणि एकच प्रश्न विचारला, कुणाच्या हातात असणार मशीन? मी म्हणालो, माझ्या. मग ज्याचा हात त्याची पसंती, म्हणून त्यानं मोठी खोक्यात घातली. सुतळी बांधता बांधता दोन गोष्टी सांगितल्या. गाडीच्या कडांना आणि पत्र्याच्या घड्यांना कागदी टेप लावायची, कारण तिथं रंग सगळ्यात पातळ असतो. आणि दर खेपेला पत्र्याला बोट लावून बघायचं. चटका बसायच्या आत मशीन उचलायची.

मी मान हलवली. हलवताना मला सगळं नीट कळत होतं. एका मशीननं हात मरत होता आणि दुसरीला हात जिवंत लागत होता. यातली दुसरी मी घेतली, कारण पहिलीत दोन मिनिटांत पकडलो गेलो असतो. माणूस बेवकूफ असला तरी पकडलं जायला घाबरतो.

परतीच्या वाटेवर आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. तो मोटारसायकलवरून मागं वळून बोलत होता आणि ते ट्राफिक पोलिसालाही ऐकू आलं.

सासरे खंडेनवमीला सकाळी सात वाजता गाडी घेऊन दारात हजर झाले. बरोबर सासूबाई. मेहुणी, म्हणजे साडूची बायको, आदल्या दिवशीच आली होती. मागांची पूजा भावावर सोपवून साडूही आला. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते, आणि पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत, त्याला विश्रांती. फौंड्रीतसुद्धा त्या दिवशी ग्राइंडर धुऊन, गंध लावून गप्प बसवतात. त्यामुळं ठरलं असं की आधी गाडी पूर्ण करायची, मग मशीन पुसून पाटावर ठेवायची, मग बायको तिची पूजा करणार. मुहूर्त अकराच्या आतला. बायकोनं ताट तयार करून दारातच ठेवलं होतं: हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. दर दहा मिनिटांनी ती बाहेर येऊन ताटाकडं बघायची आणि मग माझ्याकडं. दोन्ही नजरांत फरक होता.

सासऱ्यांनी खुर्ची गाडीच्या बरोबर समोर मांडून घेतली. कंडक्टरला तिकीट तपासनीस जसा वाटतो तसे ते मला वाटत होते. गाडी धुऊन होईपर्यंत त्यांनी चार सूचना केल्या आणि दोन उसासे टाकले. साडूनं कागदी टेप काढली. मी म्हटलं, वेळ न्हाय. तो म्हणाला, मालकानं सांगितलंय. मी म्हटलं, कड सांभाळायला मला टेप लागत न्हाय.

हे मी खरोखर बोललो. साक्षीदार पाच होते.

आता फौंड्रीवाल्याच्या हाताचा एक गुण ऐका. आमच्या कामात सपाट भागाकडं कोण बघतो? नगाची कडच घासायची असते. जिथं उंचवटा दिसेल तिथं दाबायचं, सपाट होईपर्यंत. सव्वीस वर्षं हात आपणहून कडेकडं धावतो. दारं बरी झाली, कारण दारावर धावायला फारसं काही नव्हतं. सासऱ्यांनीही तिसरा उसासा अर्ध्यावर सोडला. मग मी बॉनेट घेतलं. या गाडीच्या बॉनेटवर काचेपासून पुढपर्यंत पत्र्याला एक घडी आहे, करंगळीएवढ्या उंचीची. ती डिझाइन म्हणून दिलेली आहे, हे मला माहीत होतं. माझ्या हाताला नव्हतं.

साडू पलीकडून बॉनेटवर तळवा ठेवून उभा होता. मधेच तो ओरडायला लागला. पण जो माणूस 'चहा घेतला का' हेही ओरडूनच विचारतो, त्याच्या ओरडण्याचं काय मनावर घ्यायचं? शिवाय मशीनचा आवाज होता. आणि मी नियमाप्रमाणं मधे एकदा बोटंही लावून बघितली होती. काही लागलं नाही. म्हटलं, बरं आहे.

अचानक मशीन गप्प झाली. साडूनं भिंतीतली पिनच उपटली होती.

घडीवर तळव्याएवढा डाग पडला होता. कडेनं मरून, मग गुलाबी, आणि मधोमध करडा, म्हणजे रंग संपून त्याच्या खालचा थर वर आलेला. जळलेल्या रंगाचा वास आमच्या फरशीवर अजूनही आहे, असं बायको म्हणते. सासरे खुर्चीतून उठले. डागाजवळ आले, वाकले, आणि ऊस वठला की बघतात तसं त्याच्याकडं बघत राहिले.

"कवाधरनं वरडालोय मी," साडू म्हणाला. "बोट लावून बघायचं सांगितलं हुतं का न्हाय?"

"लावलं हुतं."

"कुठं लावलं हुतं? घरच्या फ्रिजला?"

"ह्याच जागंला लावलं. एवढं काय तापल्यालं नव्हतं."

यावर त्यानं माझं मनगट धरलं आणि माझी चार बोटं त्या डागावर दाबली. शेजारी स्वतःचा तळवा टेकवला, तो लगेच झटका बसल्यासारखा उचलला आणि फुंकायला लागला. माझी बोटं तिथंच होती. मी त्याच्याकडं बघत होतो, वाट बघत होतो की हा आता काय सिद्ध करणार आहे.

"बघा," मी म्हणालो. "कुठं काय?"

त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. मग पुन्हा बोटांकडं, आणि स्वतःच माझा हात हळूच उचलून बाजूला केला. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो मला काही बोलायच्या आधी थांबला. आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. माझ्या कानाशी तोंड आणलं. त्याला ही गोष्ट आम्हा दोघांतच ठेवायची होती, हे मी त्याच्या बाजूनं नमूद करतो. त्याच्या बाजूनं सांगण्यासारख्या गोष्टी फार नाहीत, म्हणून करतो. तो कुजबुजला:

"बोटं मेलीत काय रं तुझी?"

अडचण एवढीच की त्याला कुजबुजता येत नाही. समोरच्या घरातली खिडकी उघडली. वरच्या मजल्यावरच्या बाईनं दात घासता घासता खाली बघितलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि दारात माझी बायको उभी होती, हातात पूजेचं ताट, अकरा वाजायला आले होते म्हणून बाहेर आलेली.

ती पायऱ्या उतरून आली. माझा हात तिनं धरला नाही. लांबूनच बघितला. बोटांच्या टोकांवर आता पाणी भरलेले फोड येत होते आणि मला ते दुसऱ्याच कुणाच्या हातावर आल्यासारखे दिसत होते.

"कधीपासनं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आत्ताच भाजलं न्हवं का.

"भाजल्यालं न्हाय विचारत. कधीपासनं लागत न्हाय?"

खोटं बोलायला चांगली जागा होती, पण साडू बघत होता. "तीन वर्सं," मी म्हणालो.

मला वाटलं, आता डॉक्टर, फौंड्री, खिडकी, सगळं एका दमात काढणार. तिनं भलतंच काढलं.

"मग रोज तव्यावरची भाकरी हातात दिली की 'गरम हाय, गरम हाय' म्हणून फुंकत हुता, ते काय हुतं?"

"वाफ दिसतीया की," मी म्हणालो.

यावर गल्लीत कुणीतरी हसलं. बायको हसली नाही. तिला डागाचं काही वाटलं नव्हतं, बापाची गाडी असून. तिला तीन वर्षांच्या भाकऱ्यांचा राग आला होता. मी ते तेव्हा ओळखलं नाही. पुढं महिनाभर तिनं माझ्या ताटात गार भाकरी वाढली तेव्हा ओळखलं.

मी आपला अजून धीर धरून होतो. म्हटलं, डाग राहू दे, उरलेलं बॉनेट तरी पुरं करतो. टेप लावून करतो. आणि पिन लावायला भिंतीकडं वळलो. बायकोनं त्याच क्षणी ताट फरशीवर टेकवलं, बसली, आणि गरम मशीनला तिथल्या तिथं कुंकवाची पाच बोटं ओढली. ना पाट, ना मशीन पुसलेली. चकतीला सासऱ्यांच्या गाडीचा मरून रंग तसाच लागलेला. त्याच्यावर हळद, अक्षता, झेंडूची माळ. नारळ तिनं उंबऱ्यावर असा फोडला की सासरेही एक पाऊल मागं सरले.

"झाली पूजा," ती म्हणाली. "आता हात लावायचा न्हाय."

पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि साक्षीला अख्खी गल्ली होती. मी पिन हातात घेऊन उभा राहिलो. नियमानं दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, हत्यार पुन्हा उचलता येतं. पण आमच्या घरात पूजा कधी उठवायची हे ती ठरवते, आणि ती मशीन अजून कपाटावर आहे, वाळलेल्या झेंडूसकट.

सासऱ्यांनी गाडीची किल्ली घेतली. अर्ध्या चमकलेल्या, अर्ध्या जळलेल्या गाडीत बसले, सासूबाईंना बसवलं, काच खाली केली. मी जवळ गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"पावणं," तेच म्हणाले, "पुरातनं वाचली हुती गाडी." आणि काच वर केली.

दसऱ्याला संध्याकाळी साडू सोनं द्यायला आला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, आणि ठेवली हे मला कळावं म्हणून वरून चापट मारली. सोन्यासारखं राहायला वगैरे तो काही म्हणाला नाही. पाठीमागं लपवलेलं खोकं पुढं केलं. धाकटी मशीन. मला न विचारता, परस्पर जाऊन आणलेली. यावरून आम्ही तासभर भांडलो. मी म्हटलं, भागीदारीत विचारायची पद्धत असते. तो म्हणाला, विचारलं असतं तर तू खिशात हात घालून खेळणं म्हणाला असतास. दुकानातच बघितलं होतं म्हणे त्यानं, पण त्याला वाटलं माझा माज आहे. त्या खंडेनवमीपासून तो मला अरे-तुरेच करतो. परत 'अहो'वर गेला नाही. मला ते आवडत नाही आणि मी तसं त्याला सांगितलेलंही नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरकडं गेलो, बायको बरोबर होती म्हणून खरं सांगितलं. गेलेली जाण परत यायची नाही म्हणाले, उरलेली सांभाळा. थरथरणारं काही धरायचं नाही. मोठी नाही, धाकटी नाही, कुठलीच नाही. फौंड्रीत कागद दिला आणि आता मी गेटपासच्या खिडकीत बसतो. कोपरांबद्दल मी जे म्हणालो होतो ते थोडं चुकलं. काही लोक पोटानंही बोलतात.

रविवारचं चालू आहे. मशीन साडू चालवतो, टेप लावून, रंगावर तळवा ठेवत ठेवत, डोळे मिटून. पण चकती रुतायला लागली की आधी आवाज बदलतो, आणि तो त्याला ऐकू येत नाही. मला येतो. मी भिंतीशी उभा असतो, बटणाजवळ. आवाज जड झाला की बटण बंद करतो. तेवढ्याला बोटात जीव लागत नाही. दर वेळी तो चमकून डोळे उघडतो आणि माझ्या सात पिढ्या काढतो. मग चकती उचलून बघतो, खाली खडा किंवा वाळलेलं पॉलिश सापडतं, तरी सातवी पिढी पुरी करूनच थांबतो. गिऱ्हाइकांना वाटतं आमच्यात वैर आहे. त्यांना चुकीचं काही वाटत नाही.

सासऱ्यांनी बॉनेट रंगवून घेतलं नाही. मी दोनदा रंगवून देतो म्हणालो. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "गाडी चालवताना म्होरं जावई दिसतोय. माणूस सावध चालवतंय." शिरोळमध्ये कुणी डागाबद्दल विचारलं की ते माझं काम, हुद्दा आणि नातं, सगळं सविस्तर सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिकडं गेलो होतो. गाडी दुपारी अंगणात उन्हात तापत उभी. सासरे आले, त्यांनी माझा हात धरला आणि बोटं त्या करड्या डागावर ठेवली. स्वतःचा हात लगेच काढून घेतला, धोतराला पुसला.

"लागतंय?"

मी डागाकडं बघितलं. वाफ दिसत नव्हती.

"न्हाय," म्हणालो.

त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला, साडूनं ठेवला होता तसाच, आणि जेवायला चला म्हणाले. आत बायकोनं ताट वाढलं होतं. भाकरी गरम आहे, हे तिनं आधीच सांगितलं.